लेक्चर तेच, मग डोक्यात का शिरत नाही?

"मास्तर तेच, फळा तोच, वर पाहिजे तितक्यांदा मागे नेऊन बघता येतं, मग ऑनलाईन कोर्सला नावं का ठेवता?" लॉकडाऊनपासून हे ऐकतोय. ह्याचं भारी उत्तर माझ्या मते नऊ महिन्यांच्या बाळांनी देऊन ठेवलंय.

२००३ साली सिएटलमध्ये पॅट्रिशिया कुल ह्या बाळं भाषा कशी शिकतात ह्याच्या संशोधक, त्यांच्या टीमने इंग्रजी घरातल्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. २५ मिनिटांची १२ सेशन्स, समोर चिनी बोलणारं माणूस, खेळणी, चित्रांची पुस्तकं. चिनीतले दोन आवाज एकमेकांच्या फार जवळचे आहेत, आपल्या 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च असतो ना तसे, बाहेरच्याला फरक कळतच नाही. ही बाळं तो फरक तैवानमधल्या बाळांइतका ओळखायला लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, फक्त टीव्हीवर. शिकणं शून्य!

मग स्क्रीन वाईट का? तसंही नाही. २०१४ च्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची पोरं व्हिडिओ कॉलवर नवीन क्रियापदं शिकली, रेकॉर्डिंगवरून नाही शिकली. म्हणजे समोरचा आपल्याला बघून उत्तर देतोय का, खरी मेख तिथे आहे.

आता माझा आवडता भाग. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, २००९ मध्ये दहा भाषांत हे मोजलं, थोडाफार फरक सोडला तर सगळीकडे तेच. पण एक शब्द तोंडातून काढायची तयारी करायलाच मेंदूला ६०० च्या आसपास लागतात! म्हणजे तुमचं वाक्य चालू असतानाच मी ते कुठे संपणार ह्याचा अंदाज बांधून उत्तर जुळवायला घेतलेलं असतं, ऐकणारा गप्प दिसतो पण आतून पुढे पळत असतो. कॉलवर आवाज जरा उशिरा आला की हे गणित बिघडतं, दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम गप्प, "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही". आणि रेकॉर्डेड लेक्चरला तर उत्तर द्यायचंच नसतं, त्यामुळे मला वाटतं ते पळणंच थंडावतं.



२०१८ मध्ये कुल ह्यांच्याच टीमने आणखी एक गंमत बघितली, तेच चिनी व्हिडिओ टचस्क्रीनवर बाळांना जोडीने बघू दिले तर एकट्या बाळापेक्षा शिकणं चांगलं झालं. आमच्या बिल्डिंगमधली दोन पोरं एकाच मोबाईलवर नीट परीक्षेची लेक्चरं बघतात, सारखं पॉज करून भांडतात, आणि काकू ओरडतात, टाईमपास चाललाय म्हणून. काकू, भांडू द्या त्यांना.