चतकोर भाकरीत पाच किलोमीटर

दिवाळीच्या आधी भाच्याला सायकल घ्यायला म्हणून परभणीतल्या एका दुकानात गेलो होतो. पोरगं अकरावीत, घर वसमत रोडला, क्लास गावात. एका बाजूचं अंतर 5 किलोमीटर. दारात पाय ठेवताच त्याची नजर एका जाडजूड टायरच्या, मागं-पुढं शॉकअप असलेल्या, 21 गिअरच्या सायकलवर गेली आणि तिथंच चिकटली. "मामा, हीच." किंमत 14 हजार. मी पुढचा ब्रेक दाबून हँडलवर अंगाचा भार टाकला. शॉकअप गपकन खाली बसला आणि वर यावं की नाही याचा विचार करत राहिला.

"आजकाल पोरं हीच मागतात, सर," दुकानदार म्हणाला. ते खोटं नव्हतं. मी भाच्याला समोरच्या टपरीवर चहाला नेलं आणि एका पावतीच्या पाठीमागं हिशेब मांडायला घेतला.

सपाट रस्त्यावर सायकल चालवताना आपली शक्ती मुख्यतः दोन ठिकाणी जाते. एक, टायर रस्त्यावर लोळताना. दुसरी, समोरची हवा बाजूला सारताना. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरा, रस्ता आपल्याकडचा बरा म्हणावा असा डांबरी, वेग ताशी 15 किलोमीटर. टायरसाठी सुमारे 28 वॅट लागतात, हवेसाठी सुमारे 24. चेनमध्ये थोडं सांडतं ते धरून 54-55 वॅट. घरातला छताचा साधा पंखा 75 वॅट खातो! म्हणजे ऑफिसला निघालेला सायकलवाला पंख्यापेक्षाही कमी शक्तीवर चाललेला असतो.

आता हेच भाकरीत मोजू. पायाच्या स्नायूंना अन्नातल्या ऊर्जेतली साधारण पाव ऊर्जाच कामाला लावता येते, बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा 20 मिनिटांच्या, 5 किलोमीटरच्या फेरीला बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या 65-70 कॅलरी लागतात. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आतबाहेर कॅलरी असतात आणि आपल्याकडची भाकरी काही फुलक्याएवढी नसते, चांगलं 80 ग्रॅम पीठ घेते. म्हणजे चतकोर भाकरीत 5 किलोमीटर. तेवढंच अंतर पायी गेलं तर अडीच-तीन पट ऊर्जा जाते. लिटरला 50 चालणारी स्कूटर त्याच अंतराला 100 मिलिलिटर पेट्रोल पिते, आणि तेवढ्या पेट्रोलमध्ये जवळजवळ तीन भाकऱ्यांची ऊर्जा असते. त्यातली बरीचशी इंजिन तापवण्यात जाते आणि उरलेल्यातली मोठी वाटणी शंभरेक किलोची स्कूटरच हलवण्यात.

"पण मला पंचवीसनं जायचंय," भाचा म्हणाला. जा की. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाप्रमाणे. 15 ऐवजी 25 च्या वेगाला हवेचेच 110 वॅट होतात, एकूण दीडशेच्या पुढं. जोर तिप्पट लावायचा आणि वाचणार 8 मिनिटं, तीही मध्ये एकही सिग्नल, म्हैस किंवा वरात आडवी आली नाही तर. वर वर्गात घामानं निथळत बसायचं ते वेगळं.

ताशी 15 च्या आसपासचा वेग हा सायकलचा जुनाच धर्म आहे. जर्मनीतल्या मॅनहाइममध्ये 12 जून 1817 रोजी कार्ल फॉन ड्राइस आपली लाकडी दुचाकी घेऊन निघाला तेव्हा तिला पायडलच नव्हते, जमिनीला पायानं रेटे द्यायचे. तरी तासाभरात त्यानं 13 किलोमीटरच्या आसपास मजल मारली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांनी हा दुवा आजवर कसा सोडला कोण जाणे.

पावतीवरच्या आकड्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. या वेगाला अर्ध्याहून जास्त शक्ती टायर खातो. तेव्हा रोजच्या सायकलचा खरा भाग कोणता म्हणाल तर टायर आणि त्यातली हवा. रबर जमिनीला टेकताना दबतं आणि पुढं गेल्यावर सुटतं. दबताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी सुटताना परत देत नाही. शंभर उसने नेऊन नव्वद परत करणाऱ्या पाहुण्यासारखं. जेवढं जास्त दबेल तेवढी उधारी बुडते. मागच्या चाकावर साधारण 52 किलो भार येतो. हवा 45 पौंड असेल तर टायर जमिनीला काड्यापेटीएवढ्या जागेत टेकतो. तीच 20 पौंडांवर उतरली की दोन काड्यापेट्यांहून थोडी जास्त जागा. मऊ हवेच्या सायकलला टायरसाठीचे 28 वॅट सहज 45-50 पर्यंत जातात. भरल्या हवेची जुनीपानी सायकल मऊ हवेच्या महागड्या सायकलला हसत मागं टाकते ती यामुळंच.

जाड, खडबडीत नक्षीच्या टायरचंही तसंच. नक्षीचा प्रत्येक गठ्ठा डांबरावर वाकतो, सरळ होतो आणि थोडी ऊर्जा खातो. हे टायर मातीत पकड धरण्यासाठी असतात. शॉकअपचं काम खड्ड्याचा दणका गिळायचं, पण तो पायडल मारतानाचा जोरही गिळतो. स्वस्तातल्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते. वर्षभरात धूळ जाऊन ती एक तर अडकते नाहीतर डुलायला लागते. त्यापेक्षा दीड-पावणेदोन इंच रुंद, गुळगुळीत, नीट हवा भरलेला टायर खड्डा बरा सोसतो.

वजनाबद्दल मात्र उगीच जीव टाकू नये. सायकल 5 किलोनं जड असली तर सपाट रस्त्यावर फरक पडतो दीड-दोन वॅटचा. हलक्या सायकलीसाठी सात-आठ हजार जास्त मोजण्यापेक्षा पाठीवरच्या सॅकमधली गाईडं घरी ठेवावीत. चेनमध्येही वाचवण्यासारखं फारसं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 1999 साली केलेल्या मोजमापांत सायकलच्या चेनची कार्यक्षमता 98.6 टक्क्यांपर्यंत भरली होती. प्रयोगशाळेतली स्वच्छ चेन आणि परभणीच्या धुळीतली चेन सारखी नव्हे हे खरं. आठ-पंधरा दिवसांनी फडक्यानं पुसून दोन थेंब तेल सोडलं तरी झालं. तेलाचा धबधबा सोडू नये, त्यावर धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो.

गिअरची गोष्ट थोडी मजेची आहे. 28 इंची चाकाच्या साध्या सायकलला पुढच्या दातेरी चकतीला 44 आणि मागच्या चाकावरच्या चकतीला, म्हणजे फ्रीव्हीलला, 18 दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जाते. ताशी 15 नं जाताना पाय मिनिटाला 45-46 वेळाच फिरतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघा जोर लावतो. उड्डाणपुलाच्या चढावर वेग 8 वर आला की हेच फेरे 24-25 होतात, आणि माणूस सीटवरून उठून उभा राहतो. उपाय 21 गिअरचा नाही. मागचं 18 दात्यांचं फ्रीव्हील काढून 22 चं बसवायचं. एका फेऱ्यात साडेचार मीटर, सपाटीला मिनिटाला 55 फेरे, चढाला लागणारा जोर 18 टक्के कमी. एवढंसं काम, मिस्त्री अर्ध्या तासात करून देतो. बालाघाटाच्या डोंगरात, बीडकडं मांजरसुंब्याच्या घाटात रोज जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं गिअर घ्याच.

आता सायकल दाखवण्याआधी दुकानदार विचारतो त्या 'चोवीस का सव्वीस'कडं येतो. हा आकडा चाकाचा, इंचांतला. माणसाच्या उंचीशी खरा संबंध असतो सांगाड्याचा, तो कुणी विचारत नाही. दांडीच्या सायकलवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिलं तर दांडी आणि अंग यात दोन बोटं तरी जागा हवी. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल सगळ्यात खाली न्यायचा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना तळव्याचा पुढचा भाग पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप हवा तेवढाच बाक राहतो. आपल्याकडं निम्मे लोक पाय टेकावेत म्हणून सीट तळाला घालतात आणि महिन्याभरात 'सायकलनं गुडघे गेले' म्हणत तिला पत्र्याच्या शेडमध्ये टाकतात.

ब्रेक बघताना रिमला बोट लावून बघा. चकचकीत क्रोमची लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून नुसतं घसरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम ओली असली तरी बरीच पकड देते. स्वस्त डिस्क ब्रेकपेक्षा अशा रिमवरचे साधे ब्रेक मला कधीही चालतील, कारण त्यांचं रबर कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतं.

मराठवाड्यात मडगार्डचाही विचार करावा लागतो. आपली काळी माती ज्या खनिजाची बनते त्याचे कण पत्त्यांच्या जोडासारखे थरांचे असतात. पाणी पडलं की ते थरांमध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी गेलं की भेगा पडतात. आपले रस्ते लाटांसारखे वरखाली होतात, त्यात या मातीचा हात मोठा. आणि पावसाळ्यात पांदण रस्त्यानं शंभर पावलं सायकल नेली की चिखल टायर आणि मडगार्डच्या मधे असा घट्ट बसतो की चाक फिरतच नाही. मग सायकलवर माणूस नाही, माणसाच्या खांद्यावर सायकल. शेतावर जाणाऱ्यानं टायर आणि मडगार्डच्या मधे अंगठा आडवा जाईल एवढी फट बघून घ्यावी, आणि मिरगाच्या आधी मडगार्ड काढूनच ठेवलं तर उत्तम.

दुसरा शत्रू सराटा. गोखरू म्हणतात तोच. जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची गरीब दिसणारी वेल. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा असा पडतो की एखादा काटा वर राहतोच. प्राण्याच्या पायात रुतून दूर जायची ती झाडाची युक्ती. टायरची नक्षी तिला तेवढीच सोयीची. इंग्रजीत या झाडाचं नावच पंक्चरवेल आहे.

आमच्या पंक्चरवाल्या चाचांचा हात त्या काट्यांनी निबर झालाय. ट्यूब बाहेर काढून ते घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत जातात. बुडबुडा दिसला की तिथं बोट, मग कानस, सोल्युशन, फुंकर, ठिगळ. पण त्यांचं खरं कसब त्यानंतरचं. टायरच्या आतून सावकाश बोट फिरवतात आणि मोडून राहिलेलं काट्याचं टोक नखानं बाहेर काढतात. घाईतला पोरगा हेच विसरतो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच जागी पंक्चर घेऊन हजर. पंक्चर सापडत नसलं तर चाचा आधी व्हॉल्व्ह उघडतात. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये बोटाच्या पेराएवढी रबरी नळी असते. पंपाची हवा तिला फुगवून आत जाते, आतल्या हवेनं ती परत आवळून बसते. झडप म्हणून एवढी साधी आणि एवढी हुशार वस्तू क्वचितच असेल. उन्हानं तिचं रबर चिरलं की रात्रीत हवा जाते आणि आपण पंक्चर शोधत बसतो.

चाचांशी माझं एकाच बाबतीत पटत नाही. "सर, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर ट्यूब फुटती." मार्च लागला की ते सगळ्यांना हे सांगतात. हिशेब करून बघू. सकाळी 25 अंशांना 50 पौंड हवा भरली आणि दुपारी उन्हात उभ्या सायकलचा टायर 65 अंशांपर्यंत तापला. बंद हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे अंशांत 273 मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, प्रमाणात वाढतो. वातावरणाचा दाब धरून गणित केलं तर 50 चे साडेअठ्ठावन्न होतात. धड टायर-ट्यूबला आठ-नऊ पौंड काहीच नाहीत. उन्हात फुटते ती आधीच पिचलेली, नाहीतर ठिगळाची कड तापून सुटलेली ट्यूब. टायरच्या अंगावर दाबाचा आकडा छापलेला असतो, त्याच्या आत राहिलं म्हणजे झालं. उलट हवा कमी ठेवली की खड्ड्यात टायर पार दबतो, ट्यूब रिमच्या कडांत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. असली पंक्चरं चाचांकडं उन्हाळ्यातच जास्त येतात. मी हे सांगितलं तेव्हा चाचा हसले आणि म्हणाले, "तुमी सायन्सवाले."

उन्हाळ्यात ट्यूबपेक्षा माणसाची काळजी जास्त. ताशी 15 नं जाताना शरीरात तयार होणारी उष्णता 20 मिनिटांत बाहेर टाकायची तर मोठा कपभर घाम वाळावा लागतो. वरून तापणाऱ्या उन्हाचा हिशेब वेगळा. 42 अंशांत हवा त्वचेपेक्षा गरम, म्हणजे वारा अंगाला तापवतोच. पण ती कोरडी असल्यानं घाम भराभर उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. माठ गार राहतो तसं. म्हणून ओली दस्ती मानेभोवती गुंडाळायची. श्रावणात हवा दमट असली की तोच घाम वाळत नाही, नुसता गळतो. उतरल्यावर दोन मिनिटांत सदरा भिजतो तो सायकलवरचा वारा थांबतो म्हणून. घामाला काही थांब म्हणता येत नाही. शेवटचं अर्धा किलोमीटर सावकाश जायचं, एवढाच त्यावर इलाज.

पावती भरली, दोन चहा झाले. भाच्यानं तोंड वाकडं करत का होईना, साधी, बिनगिअरची, मिश्रधातूच्या रिमची सायकल घेतली. मडगार्ड, स्टँड आणि कॅरियरसकट साडेआठ हजार, आणि फ्रीव्हील दुकानातच 22 चं बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर कॅरियर काढून माळ्यावर टाकलेलं. कॅरियर असलं की म्हणे 'अंकल' दिसतं.