हान्को

जपानमध्ये सहीच्या जागी कागदावर उमटवला जाणारा, नाव कोरलेला लहान शिक्का. बोटाएवढ्या दांडीच्या टोकाला बहुधा नुसते आडनाव उलटे कोरलेले असते. हे टोक शेंदरी रंगाच्या लगद्यावर टेकवून कागदावर दाबतात. घराच्या खरेदीखतापासून दारात आलेल्या पार्सलपर्यंत सगळीकडे तो चालत आला आहे.

प्रौढ माणसाकडे सहसा तीन शिक्के असतात. ‘मितोमेइन’ रोजच्या किरकोळ कामाचा. प्रचलित आडनावांचे असे तयार शिक्के शंभर येनच्या दुकानात मिळतात. ‘गिन्कोइन’ बँकेसाठी. ‘जित्सुइन’ मात्र नगरपालिकेत नोंदवावा लागतो. वयाची १५ वर्षे पूर्ण झाल्यावर ही नोंदणी करता येते. ठसा ८ मिमीपेक्षा मोठा आणि २५ मिमीच्या चौकोनात बसणारा हवा. रबर चालत नाही, कारण दाबाने अक्षर बदलते. मोठ्या व्यवहारात ठशासोबत नगरपालिकेचा दाखलाही जोडतात.

अस्सलपणाचा भार इथे माणसाच्या हातावर नसून वस्तूवर आहे. दिवाणी प्रक्रिया कायद्याच्या कलम २२८ नुसार, संबंधित व्यक्तीची सही किंवा शिक्का असलेला खाजगी दस्तऐवज खरा मानला जातो. ठसा त्या व्यक्तीच्याच शिक्क्याचा असेल, तर तो तिच्या इच्छेने उमटला असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठरवले. उलट पुरावा देता येतो, पण तो देण्याचे ओझे शिक्क्याच्या मालकावर येते. म्हणूनच जित्सुइन आणि बँकेचे पासबुक एकाच ठिकाणी ठेवू नये, असे सांगितले जाते.

जपानमधला सर्वांत प्रसिद्ध शिक्का सोन्याचा आहे. चीनच्या हान सम्राटाने इ.स. ५७ मध्ये ‘ना’ राज्याला दिलेला मानला जाणारा हा शिक्का १७८४ मध्ये शिकानोशिमा बेटावर सापडला. आता तो फुकुओका शहर संग्रहालयात आहे. मध्ययुगात मात्र उमरावांमध्ये ‘काओ’ ही वळणदार सहीच प्रतिष्ठेची होती. पुढे युद्धखोर सरदारांनी शिक्के पुन्हा रूढ केले आणि एदो काळात (१६०३–१८६८) ते व्यापारी-शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. १८७३ च्या सरकारी आदेशाने दस्तऐवजांवर जित्सुइन आवश्यक ठरला. तो आदेश १ ऑक्टोबरचा, म्हणून हा दिवस ‘शिक्का दिन’ म्हणून पाळतात.

कचेऱ्यांत एकेका प्रस्तावावर कारकुनापासून संचालकापर्यंत शिक्क्यांची रांग लागते. काही बँका आणि जुन्या कंपन्यांत कनिष्ठाने आपला ठसा डावीकडे, साहेबाच्या चौकटीकडे, किंचित कलता उमटवायचा असतो. जणू तो वाकून नमस्कार करतो आहे. हा शिष्टाचार इतका मुरलेला, की संगणकावरच्या शिक्क्यांतही कल देण्याची सोय केलेली आढळते.

२०२० च्या कोरोनासाथीत केवळ ठसा उमटवण्यासाठी लोकांना कार्यालय गाठावे लागले, तेव्हा या प्रथेवर टीकेची झोड उठली. प्रशासकीय सुधारणा मंत्री कोनो तारो यांनी सरकारी कामातले बहुतेक शिक्के रद्द करायला घेतले. शिक्के घडवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या यामानाशी प्रांताच्या राज्यपालांनी याला उघड विरोध केला. सप्टेंबर २०२१ पासून विवाह व घटस्फोटाच्या नोंदणीत शिक्का ऐच्छिक आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांत आणि मोटारीच्या नोंदणीत मात्र जित्सुइन अजून मागितला जातो.