म्हादई: पाणी वळवणारे आणि जंगलाला वळसा घालणारे

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. तिला येऊन मिळणाऱ्या कळसा आणि भंडुरा नाल्यांचं पाणी कर्नाटकातल्याच मलप्रभा नदीत वळवून हुबळी-धारवाडची तहान भागवावी, ही कर्नाटकाची मागणी. तहान खरी आहे. पण 'नाहीतरी समुद्रात वायाच जातं' हे त्यामागचं पालुपद मात्र खोटं.

मांडवीच्या खाडीत रोज भरती चढते. नदीचं गोडं पाणी तिला रेटून धरतं. पावसाळ्यानंतर हा रेटा ओसरत जातो आणि खारं पाणी आत आत शिरतं. खाजन शेतीचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या शेतीचं, गणितही यावरच चालतं: उन्हाळ्यात मुरलेलं मीठ पावसाळ्यात धुऊन निघालं, तर भात पिकतं.

पाणीवाटपाचा वाद सोडवायला नेमलेल्या म्हादई लवादाने 2018 मध्ये नदीचं वार्षिक पाणी 188.06 टीएमसी (अब्ज घनफूट) धरलं, तेही 75 टक्के भरवशाचं, म्हणजे चारपैकी तीन वर्षं किमान एवढं मिळेल असं. नदीत एकूण पाणी किती, याचा गोव्याचा आकडा बराच कमी होता. कर्नाटकाला 13.42 टीएमसी मिळालं; त्यातलं 8.02 वीजनिर्मितीसाठी, आणि मलप्रभेत वळवायचं फक्त 3.9. महाराष्ट्राच्या वाट्याला 1.33. 188 मधले 3.9 म्हणजे किरकोळच, असं वाटेल. पण हा वर्षाचा हिशेब. पाणी येतं बहुतेक चार महिन्यांत. माझ्या मते जुलैत वळवलेलं पाणी खाडीला जाणवणारही नाही. भांडण व्हायला हवं ते पावसाळा सरल्यानंतरच्या पाण्यावर. सभांमध्ये मात्र 'थेंबही देणार नाही' हेच चालतं.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय जल आयोगाने पाणी वळवण्याच्या कर्नाटकाच्या सुधारित आराखड्याला मान्यता दिली. तेव्हा केंद्र, गोवा, कर्नाटक, तिन्हीकडे भाजपचीच सत्ता होती. कर्नाटकात निवडणूक काही महिन्यांवर होती. गोव्याने मग जंगलाचा आधार घेतला. वन्यजीव कायद्याच्या कलम 29 नुसार अभयारण्यात येणारं पाणी परवानगीशिवाय वळवता येत नाही, आणि नदीच्या खालच्या अंगाला, गोव्यात, म्हादई अभयारण्य आहे.

त्याच अभयारण्यात जानेवारी 2020 मध्ये विषबाधेने चार वाघ मेले होते. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिथला व्याघ्रप्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा, असं सांगितलं. तिथल्या सत्तरी तालुक्यातल्या गावांना विस्थापनाची धास्ती वाटली, आणि ती समजण्यासारखी आहे. कर्नाटकापुढे अभयारण्याची ढाल धरणारं गोवा सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.