पहिलं पापनिवेदन आणि घरातला अबोला: कोकणातल्या कॅथलिक शाळांची पार्श्वभूमी

चर्च आणि त्याला लागून प्राथमिक शाळा, ही जोडी वसईपासून सावंतवाडीपर्यंत दिसते. या शाळांतली कॅथलिक मुलं तिसरी-चौथीच्या सुमारास पहिल्या ख्रिस्तप्रसादाला (चर्चमधल्या उपासनेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीला) बसतात. त्याआधी पहिलं पापनिवेदन, म्हणजे आपल्या चुका धर्मगुरूला सांगून देवाची क्षमा मागणं. एवढ्या लहान वयात का, याचं उत्तर रोममध्ये आहे. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांनी आज्ञापत्र काढलं: साधारण सातव्या वर्षी मुलाला बरंवाईट कळू लागतं, तेव्हापासून त्याला दोन्ही संस्कार मिळावेत. तोवर अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबावं लागे. या एका निर्णयाने क्षमा मागण्याचा पहिला धडा प्राथमिक शाळेच्या वयात आला. माझ्या मते कोकणातल्या कॅथलिक कुटुंबांवर त्याचा जेवढा परिणाम झाला, तेवढा फार थोड्या धर्माज्ञांचा झाला असेल.

घरात मात्र त्याची जमीन आधीपासूनच तयार होती. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. युरोपीय मिशनरी गेले, मोजके एतद्देशीय धर्मगुरू राहिले. पुढच्या काळात श्रद्धा टिकली ती मुख्यतः घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेवर. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या, गोव्यातून आलेल्या घरांत तेर्स (जपमाळेची प्रार्थना) संपला की लहानांनी प्रत्येक वडीलधाऱ्यापुढे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचा, अशी रीत. आजोबा, काका, मोठी काकू, कोणाला वगळायचं नाही. दुपारी ज्या काकांवर रुसलो, त्यांच्यापुढेही रात्री हात जोडावेच लागत. मोठ्यांनाही आशीर्वाद नाकारता येत नसे.

खुद्द चर्चमध्येही भांडण होतं, हे विसरून चालणार नाही. पोर्तुगालच्या राजाचा अधिकार मानायचा की थेट रोमचा, यावरून मुंबई परिसरातले कॅथलिक दीर्घकाळ विभागले गेले होते. मुंबईत १७९४ पासून दोन अधिकार शेजारी शेजारी चालत. १८८६ मध्ये दमणचा वेगळा धर्मप्रांत (एका बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) झाला आणि १९२८ मध्ये त्याचा ब्रिटिश हद्दीतला भाग मुंबईच्या धर्मप्रांतात विलीन झाला, तेव्हा कुठे हा दुभंग मिटू लागला. समेटाची शिकवण देणाऱ्यांनाच समेटाला शंभरावर वर्षं लागली. ‘भांडण मिटवा’ असं मुलांना शिकवताना हा इतिहास शिक्षकांना माहीत असायला हवा, असं मला वाटतं.

याच काळात कुटुंबाच्या सुखाचा विचार धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या परिसरातल्या समाजांत) व्यवहाराच्या अंगानेही सुरू झाला. १९१८ मध्ये वसईत कॅथलिकांची सहकारी पतसंस्था निघाली, पुढे तिचीच बॅसीन कॅथलिक बँक झाली. कर्जाने पिचलेल्या घरात शांती नांदत नाही, हे तेव्हाच्या धर्मगुरूंना नीट कळलं होतं.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणाविषयी स्पष्ट सांगितलं की आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, शाळा त्यांच्या मदतीला. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली. भारतात शांतिचिन्ह (मिस्सेत एकमेकांना शांती देण्याची खूण) हात जोडून द्यायला १९६९ मध्ये परवानगी मिळाली. १९७३ च्या नव्या विधीत पापनिवेदनाचा भर ‘समेट’ या अंगावर आला: देवाशी आणि माणसांशीही. शाळेतल्या तयारीतही हळूहळू हा सूर आला. पूर्वी दहा आज्ञा पाठ आणि चुकांची यादी तयार, की झालं. आता बाई विचारतात, कोणाशी बोलणं बंद केलंय?

आणि इथेच वर्गात घर शिरतं. मुलाची यादी सरळ असते: आजीला उलट बोललो, बहिणीला मारलं, प्रार्थना चुकवली. मग एखादं मूल विचारतंच, “पप्पांनी काकांच्या घरी जायचं नाही असं सांगितलंय. हे माझं पाप का?” वसईत १९८० च्या दशकापासून जमिनींचे भाव चढले, बिल्डर आले, विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू ‘हरित वसई’च्या लढ्यात उतरले ते याच काळात. त्या लढ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. घराघरांत काय झालं, याबद्दल फार कमी. सातबाऱ्यावरचं नाव, बहिणींकडून घेतलेलं हक्कसोडपत्र, मोजणीत दोन हात सरकलेली हद्द, यावरून एका वाडीतले सख्खे भाऊ बोलेनासे झाले. त्यांची मुलं मात्र एकाच शाळेत, कधी एकाच बाकावर. पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी पालकांची बैठक होते तेव्हा हे भाऊ एकाच खोलीत येतात. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर आधी त्याच्याशी समेट कर, हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन अशा बैठकीत वाचलं की ते नुसतं वचन राहत नाही.

या शाळांत हिंदू, मुस्लिम मुलंही असतात. संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. संस्काराची तयारी म्हणूनच धर्मग्रामाचं काम राहते, ती अनेक ठिकाणी रविवारी होते. बाकी मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा तास असतो.

समेटाला एक हद्दही आहे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला ‘क्षमा कर, संसार सांभाळ’ असं बायकांना सांगितलं गेलं, आणि ते चुकीचंच होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला न्यायालयातून संरक्षण मागण्याचा हक्क दिला. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलेल्या प्रत्येकाला, शिक्षकालाही, पोलिसांना कळवावंच लागतं. तिथे मुलाला आधी क्षमा करायला शिकवणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय ठरेल. काकांशी बंद पडलेलं बोलणं आणि घरात होणारी मारहाण, यांतला फरक वर्गावरच्या बाईंना ओळखता यायला हवा. त्यासाठी धर्मशिक्षणाच्या पुस्तकाबरोबर समुपदेशनाचं प्रशिक्षण लागतं, आणि ते प्राथमिकच्या प्रत्येक शिक्षिकेला मिळायला हवं.