समुद्रतळाचा नकाशा आणि तळाखालचं चित्र

सुट्टीत बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी आले की अप्पाकाका हमखास विचारतात, "काय गं, झाली का मोजून समुद्राची खोली?" यंदा मी दोन कागदच नेले. एक रंगीत, मल्टिबीमचा, म्हणजे समुद्रतळाचा नकाशा. दुसरा करडा, सिस्मिकचा, म्हणजे तळाखालच्या थरांचं चित्र. काकांनी चष्मा पुसला. "दोन्हीत आवाज सोडायचा नि प्रतिध्वनी ऐकायचा. मग दोन जिन्नस कशाला?"

गणपतीची मिरवणूक गल्लीच्या टोकाला असली की घरात ढोल ऐकू येतो, झांज नाही. उंच पट्टीचा आवाज वाटेत विरतो, खालच्या पट्टीचा लांब पोचतो. इथेही तेच. मल्टिबीम म्हणजे झांज. जहाजाच्या बुडाशी बसवलेलं हे यंत्र खोल पाण्यात साधारण १२,००० हर्ट्झचा आवाज पंख्यासारखा पसरवून सोडतं. तो तळावर आपटतो नि परततो. ४,००० मीटर खोलीवर जाऊन यायला पाचेक सेकंद. तळाखाली मात्र फारसा शिरत नाही. सिस्मिक म्हणजे ढोल. एअरगनमधून दाबलेली हवा पाण्यात सोडतात, त्यातला १० ते १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज थर ओलांडत काही किलोमीटर खाली जातो. दर थराच्या सीमेवरून थोडा परततो, तो जहाजामागे ओढलेल्या लांबलचक केबलीतले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, टिपतात.

लॅबमधलं काम म्हणाल तर मल्टिबीम म्हणजे मेथी निवडणं. माशांचा थवा, जहाजाखालचा फेस यांनी उमटलेले खोटे ठिपके दिवसभर स्क्रीनवर खुडत बसायचे. कंटाळवाणं, पण सरळ.

सिस्मिक तेवढं सरळ नाही. खंभातजवळ लुणेजला १९५८ मध्ये तेल लागलं, तेव्हापासून आमच्या भागात तेलाच्या शोधातला हा शब्द कानावरून गेलेला असतो, पण करड्या कागदावर उभ्या अक्षाला मीटर नसून प्रतिध्वनी परतायला लागलेले सेकंद असतात हे काकांनाही नवं होतं. त्या सेकंदांचे मीटर करायला आवाजाचा वेग हवा. पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. तापमान-क्षाराने थोडा बदलतो, पण यंत्र खाली सोडून मोजता येतो. खडकात कोण उतरणार? तिथे एकच प्रतिध्वनी जवळच्या हायड्रोफोनला कधी पोचला नि लांबच्याला किती उशिरा, यावरून वेग काढतात. माझे निम्मे दिवस त्यातच जातात.

काकांनी करड्या कागदावरच्या एका फुगवट्यावर बोट ठेवलं. "हा डोंगर ना?"

"त्याच्या बरोबर वर काय दिसतंय, काका?"

वर आणखी एक उंचवटा होता, टणक खडकाचा. आवाज त्यातून भरभर जातो, म्हणून त्याच्याखालच्या सपाट थराचा प्रतिध्वनीही लवकर परततो नि तो थर कागदावर वर उचललेला दिसतो. थरात गॅस असेल तर उलट, आवाज रेंगाळतो नि खालचा थर खचल्यासारखा दिसतो.

"म्हणजे डोंगर नाहीच?"

"असेलही. पण वरच्या उंचवट्याच्या नेमका खाली, तेवढ्याच रुंदीचा दिसला की आधी वेग पुन्हा काढायचा."