समाजभवन, पर्यावरणपूरक (खान्देश)

लग्नकार्य, कीर्तन, व्यायामशाळा, कॅरम, बचत गटाची बैठक अशा गावाच्या सामायिक वापराची आणि वीज-पाणी बेताने लागणारी इमारत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तिची परीक्षा छपरावर होते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो.

जुन्या धाब्याच्या घरांत लाकडी सरांवर (तुळयांवर) काड्या, त्यावर मातीचा जाड थर आणि पावसाळ्याच्या तोंडावर खारी माती टाकत. ती ओली झाली की चिकट होऊन छिद्रे बुजवते. एवढ्या मातीतून ऊन आत उतरेपर्यंत दिवस कलतो. सिमेंटचा १०–१२ सेंमी स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि संध्याकाळी, नेमकी माणसे जमतात तेव्हा, ती धग खाली सोडतो. मग सभागृह रिकामे आणि सतरंजी बाहेरच्या ओट्यावर! पत्रा लवकर निवतो, पण दुपारी त्याखाली बसवत नाही आणि पावसात माइकवरचे बोलणेही कळत नाही. स्लॅबवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी किंवा दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात, हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवतात. मेअखेर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने दक्षिणेच्या खिडकीला लहान छज्जा पुरतो. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्ज्याला जुमानत नाही. तिकडे खिडक्या कमी आणि बाहेर कडुनिंब बरा. कूलर कोरड्या हवेतच कामाचा, तोही समोरची खिडकी उघडी असेल तर.

२०० चौ. मी. छपरावर ६५० मिमी पाऊस पडला तर १,३०,००० लिटर पाणी होते. वाया जाणारे सोडून लाखभर लिटर हाती लागते. पहिल्या पावसाचे धुळकट पाणी सोडून देऊन बाकीचे गाळून विहिरीत किंवा बोअरमध्ये जिरवतात. शोषखड्डा मात्र भिंतीपासून लांब हवा. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंतीही तडकतात.

सौर पॅनेल बसवणे सोपे, उन्हाळ्यात त्यांवरची धूळ पुसणारा माणूस नेमणे अवघड.

स्वयंपाकघरात गॅसची सोय कितीही चांगली केली, तरी हिवाळ्यात भरताची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर, अंगणातच भाजली जातात. त्यासाठी मुरमाची मोकळी जागा आणि राखेचा खड्डा नकाशातच धरावा लागतो.