चाळिशीतलं गर्भारपण आणि गुणसूत्रांचा राखणदार

गेल्या महिन्यात आमच्या प्राणिशास्त्र विभागातली एक सहकारी दवाखान्याची फाईल घेऊन माझ्या टेबलापाशी आली. वय ३८, पहिलटकरीण, चौथा महिना. फाईलच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं होतं, ‘एल्डरली प्रायमी’, म्हणजे वय झालेली पहिलटकरीण. "मॅडम, मी म्हातारी झाले का हो?" एवढंच विचारलं आणि तिचे डोळे भरून आले.

बारा वर्षांपूर्वी माझ्या फाईलवरही हेच शब्द होते. मी तेव्हा ४१ वर्षांची होते. त्या दिवशी तासिका सोडून मी तिच्याशी तासभर बोलले. तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण उशिरा आलेल्या गर्भारपणाविषयी घराघरांत जे बोललं जातं त्यात जीवशास्त्र थोडं असतं आणि दोष देणं फार.

पहिला गैरसमज ‘पिशवी’चा. वय वाढलं की गर्भाशयाची पिशवी म्हातारी होते, असं बहुतेकांना वाटतं. गर्भाशयावर वयाचा परिणाम होतो, नाही असं नाही. पण खरी अडचण तिथे नसते. चाळिशीतल्या बाईच्या गर्भाशयात पंचविशीतल्या दात्या स्त्रीच्या बीजापासून तयार झालेला गर्भ ठेवला, तर तो रुजण्याची शक्यता दात्या स्त्रीच्या वयाप्रमाणे ठरते, आईच्या वयाप्रमाणे नाही. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीला जुळं झालं ते दात्या स्त्रीच्या बीजामुळेच. (मला ती बातमी आनंदाची वाटली नव्हती. २०२१ च्या कायद्याने आता अशा उपचारांसाठी स्त्रीचं वय पन्नासच्या आत असावं असं ठरवलं, ते योग्यच झालं.) मुद्दा असा, की वय मोजायचं तर बीजाचं मोजावं लागतं.

आणि बीजाचं वय आईच्या वयापेक्षा कधीच कमी नसतं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हाच तिच्या बीजकोशांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्मापर्यंत त्या १० ते २० लाखांवर येतात, पाळी सुरू होईतो तीन-चार लाख उरतात, आणि पुढच्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात त्या जेमतेम चार-पाचशे. नवी पेशी एकही बनत नाही. माझी आई १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी खाऊन दिवस काढत होती, तेव्हा मी तिच्या पोटात होते आणि माझ्या लेकीचं बीज माझ्या पोटात होतं. हे वर्गात सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे वळते. ही बीजपेशी नुसती पडून राहत नाही. जन्माआधीच ती विभाजनाला सुरुवात करते आणि मध्येच थांबते. शाळेत शिकलेलं अर्धसूत्री विभाजन आठवा: ४६ गुणसूत्रांची २३ व्हायची असतात. त्यासाठी आधी प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत बनते. मग आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं जोडीचं गुणसूत्र एकमेकांना बिलगतात, थोड्या तुकड्यांची देवाणघेवाण करतात, आणि अशा चार पदरांच्या गाठोड्यात थांबतात. किती काळ? त्या बीजाची पिकण्याची वेळ येईपर्यंत. पंधरा वर्षं, तीस वर्षं, माझ्या लेकीच्या बाबतीत चाळीस वर्षांहून जास्त. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या पेशीला विभाजनाच्या ऐन मध्यावर एवढं ताटकळावं लागत नाही.

इतकी वर्षं हे पदर एकत्र कशाने राहतात? कोहेसिन नावाच्या प्रथिनाने. त्याचा आकार चक्क कड्यासारखा असतो. एका बांगडीतून दोन दोरे ओवावेत तशी गुणसूत्र आणि त्याची प्रत या कड्यांतून ओवलेली असतात. कड्याचे भाग दोन-चार आहेत. बीजपेशीतल्या कड्याला बंद ठेवणाऱ्या भागाचं नाव आरईसी-८. पेशीला पदर वेगळे करायचे असतात तेव्हा सेपरेज नावाची कात्री याच भागावर चालते, कडं उघडतं आणि गुणसूत्रं सुटतात.

पण कात्री दोनदा चालवायची असते. बीज पिकून बाहेर पडण्याच्या सुमारास पहिल्यांदा, तेव्हा जोडीतली दोन गुणसूत्रं वेगळी होतात. शुक्रपेशी आत शिरल्यावर दुसऱ्यांदा, तेव्हा मूळ गुणसूत्र आणि प्रत वेगळे होतात. म्हणजे पहिल्या वेळी गुणसूत्राच्या बाहूंवरची कडी तुटली पाहिजेत आणि मधल्या सांध्यापाशी असलेली कडी मात्र शाबूत राहिली पाहिजेत. कात्री तर सगळीकडे फिरते आहे. मग सांध्याजवळची कडी वाचतात कशी? तिथे एक प्रथिन पहारा देत बसलेलं असतं. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं ‘शुगोशिन’. जपानी भाषेत त्याचा अर्थ रक्षक देव. माझं सासर सावंतवाडीच्या बाजूचं. तिथे गावाच्या वेशीवर, माडाच्या बागेत राखणदार असतो, त्याला वर्षाला नारळ द्यायचा असतो. शुगोशिनचा अर्थ पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तोच शब्द सुचला आणि आता वर्गात मी तोच वापरते.

आता वय कुठे येतं ते पाहा. पेशीत प्रथिनं सतत झिजतात आणि सतत नवी बनतात. तुमच्या त्वचेतली, यकृतातली प्रथिनं अशीच बदलत राहतात. मग कोहेसिनची जुनी कडी झिजली तर नवी का बसवता येऊ नयेत? हा प्रश्न उंदरांच्या बीजपेशींवर फार सुंदर रीतीने सोडवला गेला. २०१० मध्ये किकुए ताचिबाना-कोन्वाल्स्की, किम नॅस्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले, की त्यांच्या बीजपेशींतली जुनी कडी एका ठरावीक कात्रीने तोडता येतील. ती कात्री त्यांनी घेतली तंबाखूच्या झाडावर रोग पाडणाऱ्या विषाणूकडून. बीज वाढीला लागल्यावर त्यांनी पेशीला नवं, या कात्रीने न तुटणारं आरईसी-८ बनवायला लावलं. मग जुनी कडी कापली. नव्या प्रथिनाने कडी बांधली असती तर गुणसूत्रांची गाठोडी टिकली असती. ती सुटून विखुरली. नवा माल पेशीत होता, पण त्याची धरून ठेवणारी कडी झाली नव्हती. कारण पदर कड्यात ओवण्याचं काम गुणसूत्राची प्रत बनतानाच होतं, आणि ती घटका मुलगी आईच्या पोटात असतानाच निघून गेलेली असते.

म्हणजे जन्माआधी बसवलेली कडी हीच आयुष्याची शिदोरी. वर्षं जातात तशी ती एकेक करून गळतात. म्हाताऱ्या उंदरांच्या बीजांत गुणसूत्रांवरचं कोहेसिन घटलेलं दिसतं आणि त्याबरोबर राखणदारही कमी होतो. मग सांधे सैल पडतात, गाठोडं वेळेआधी सुटतं आणि एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला ओढलं जातं. त्यात माणसाच्या बीजाची आणखी एक अडचण आहे. गुणसूत्रांना ओढणारे धागे बांधायला आपल्या बीजाला सुमारे सोळा तास लागतात आणि तेवढा वेळ ती रचना डळमळत असते. इंग्लंडमध्ये केंब्रिजला मेलिना शू यांच्या गटाने २०१५ मध्ये जिवंत मानवी बीजांचं चित्रण करून हे दाखवलं. म्हणून तरुण वयातही काही बीजांत चूक होतेच. कडी गळाली की ती चूक वाढते.

एकविसावं गुणसूत्र जास्तीचं आलं तर डाऊन सिंड्रोम होतो. १९३३ मध्ये लायोनेल पेनरोज यांनी कुटुंबांच्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की इथे संबंध आईच्या वयाशी आहे, वडिलांच्या नाही. जास्तीचं गुणसूत्र प्रत्यक्ष दिसायला १९५९ उजाडलं. त्याचं श्रेय जेरोम लेज्यून यांच्या नावावर जमा झालं; ज्यांनी प्रयोगशाळा उभी करून त्या पेशी वाढवल्या त्या मार्त गोतिए मागे पडल्या, हे मला विद्यार्थ्यांना सांगावंसं वाटतं. तिसाव्या वर्षी ही शक्यता साधारण ९०० त एक असते, पस्तिसाव्या वर्षी ३५० त एक, चाळिसाव्या वर्षी १०० त एक. माझ्या सहकारीला मी हा आकडा उलटा करून वाचायला सांगितला: चाळीस वर्षांच्या शंभर गर्भवतींपैकी नव्व्याण्णव जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नसतो. पस्तिशीनंतरचं गर्भारपण जोखमीचं, ही लक्ष्मणरेषाही बीजाने आखलेली नाही. १९७० च्या दशकात गर्भजल तपासायला सुई घालावी लागे, तिने गर्भपाताचा थोडा धोका असे, आणि त्या काळच्या हिशोबाने या वयाच्या आसपास दोन्ही धोके सारखे ठरत. पुढे तपासण्या बदलल्या, आज आईच्या रक्तातूनही चाळणी करता येते. आकडा तसाच चिकटून राहिला.

चुकीची गुणसूत्रसंख्या असलेले बहुतेक गर्भ टिकत नाहीत. नॉर्वेतल्या गर्भारपणांच्या मोठ्या अभ्यासात २५ ते २९ वयाच्या स्त्रियांत गर्भपाताचं प्रमाण १० टक्के होतं आणि ४५ च्या पुढे ५३ टक्के. मला ४१ व्या वर्षी लेक झाली, त्याआधी दोनदा पोट रिकामं झालं होतं. पहिल्या वेळी कुणी म्हणालं पपई खाल्ली असेल. दुसऱ्या वेळी ग्रहणात सुरी हातात घेतल्याचं निघालं. बसचा प्रवास, जिने चढणं, नोकरी, सगळं निघालं. मी जीवशास्त्र शिकवते, तरी रात्री पडल्या पडल्या त्या ग्रहणाच्या वेळा आठवत बसले होते. ग्रहण म्हणजे सावली. गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या ठरून गेलेली असते ती गर्भ राहतो त्या दिवशीच. नंतर चिरलेल्या भाजीने ती बदलत नाही. बीजाचा दर्जा वाढवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींनाही हेच लागू आहे. गळालेलं कडं परत बसवणारं औषध आज बाजारात नाही. एएमएच ही रक्ततपासणी बीजांच्या साठ्याचा अंदाज देते, त्या बीजांतल्या कड्यांचा नाही.

वडिलांचं बीजही वयातून सुटत नाही. शुक्रपेशी आयुष्यभर नव्याने बनतात आणि प्रत्येक वेळी नक्कल करताना चुका साठतात. आइसलँडमधल्या कुटुंबांच्या २०१२ च्या अभ्यासात वडिलांच्या प्रत्येक वाढत्या वर्षामागे बाळात सुमारे दोन नवे जनुकीय बदल आढळले. बाबांच्या फाईलवर मात्र लाल शाईने कुणी काही लिहीत नाही.

हे सगळं समजलं तरी त्या नऊ महिन्यांत ते पुरलं नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझी आई तेव्हा ७० च्या घरात, दोन्ही गुडघे गेलेले. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळंतिणीची न्हाणी हे तिच्या हातून होणार नव्हतं. मैत्रिणींची मुलं दहावी-बारावीला. त्यांना झोप न होणाऱ्या रात्री आठवतही नव्हत्या. मला माणसं मिळाली ती साखरेच्या तपासणीच्या बाकावर. वय वाढलं की गर्भारपणातल्या मधुमेहाची आणि रक्तदाबाची शक्यता खरोखर वाढते, म्हणून ती तपासणी टाळू नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेलं पाणी प्यायचं आणि दोन तास थांबायचं. मग रक्त देतात, १४० किंवा त्याहून जास्त आलं तर पुढचे उपाय. त्या दोन तासांत उठून जाता येत नाही. आम्ही पाच जणी होतो, ३७ पासून ४३ पर्यंतच्या. एकीचं आयव्हीएफचं चौथं वर्ष होतं, एकीचा पहिला मुलगा सतरा वर्षांचा होता आणि तिला त्याच्यासमोर पोट घेऊन वावरायची लाज वाटत होती. ते गोड पाणी घशाखाली उतरेना, तेव्हा त्या ४३ वर्षांच्या बाईने पिशवीतून लिंबू काढून सगळ्यांच्या पेल्यात पिळायला सिस्टरची परवानगी मागितली. सिस्टर हो म्हणाल्या. तिथून बोलणं सुरू झालं ते बाळंतपणानंतरही थांबलं नाही.

याला नुसता जिव्हाळा म्हणून बाजूला सारू नये, कारण त्याचा परिणाम मोजता येतो. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात सिंडी-ली डेनिस यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा धोका जास्त असलेल्या ७०१ नव्या आया निवडल्या. निम्म्यांना नेहमीची सेवा. उरलेल्यांना त्याशिवाय एका आईचा फोन, जी स्वतः त्या नैराश्यातून गेली होती आणि जिला फक्त चार तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. बारा आठवड्यांनी पहिल्या गटात २५ टक्के जणींत नैराश्याची लक्षणं होती, फोन येणाऱ्या गटात १४ टक्के. हा निष्कर्ष २००९ चा. दुसऱ्याच वर्षी आपल्याकडचा झारखंड-ओडिशातला प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे ‘एकजूट’ संस्थेच्या मदतीने खेड्यातल्या बायका महिन्यातून एकदा जमत, गोष्टी आणि चित्रांवरून बाळंतपणातल्या अडचणींवर बोलत आणि आपले उपाय आपण ठरवत. त्या तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले, आणि तिसऱ्या वर्षात आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी. त्या बायका चाळिशीच्या नव्हत्या, त्यांच्या अडचणी आमच्यापेक्षा कितीतरी कठीण होत्या. तरी ‘माझंही असंच झालं होतं’ हे वाक्य त्यांच्याही बैठकीत आणि आमच्याही बाकावर सारखंच उमटलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

बाळ तीन आठवड्यांचं असताना एका पहाटे चारला मी त्या ४३ वर्षांच्या बाईला फोन केला होता. दूध येत नव्हतं, टाके दुखत होते आणि मला सतत रडू येत होतं. ती जागीच होती. तिने पाळी-पाळीने दोन्ही बाजूंना पाजायला सांगितलं, सकाळी डॉक्टरांना रडण्याबद्दलही सांग असं बजावलं, आणि मी बाळाला घेत होते तोवर फोन तसाच चालू ठेवला. पलीकडून तिच्या बाळाचा आवाज येत होता.

माझ्या सहकारीची साखरेची तपासणी येत्या गुरुवारी आहे. नवरा सुट्टी घेऊन येतो म्हणाला, तर तिने त्याला रक्त द्यायच्या वेळेला यायला सांगितलं आहे. आधीचे दोन तास ती बाकावर बसणार आहे. लिंबाचं विचारून ठेवलं आहे.